कै. लवूमास्तर खेळणार आहेत

सिडनीने तो मोबाइल पटाच्या मधोमध ठेवला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मधोमध म्हणजे अगदी मधोमध. तिथे माझा वजीर उभा होता. त्याला त्याने दोन बोटांनी आडवा केला आणि त्या जागी मोबाइल ठेवला. चौतीस वर्षं विमा कंपनीत मान खाली घालून काढलेल्या माणसाचा अपमान करायचे पुष्कळ मार्ग आहेत, पण चालू डावात त्याचा वजीर आडवा करणं हा मी त्यातला सगळ्यात हलका प्रकार समजतो.

"हे बघ मॅन," सिडनी म्हणाला, "मुलीने टाकून दिलेला फोन आहे. ह्याच्यातला फुकटचा प्रोग्रॅम तुझ्या त्या सगळ्या चॅम्पियन लोकांना उभं पन नाय करनार."

विषय नवा नव्हता. फणसवाडीतल्या आमच्या वाचनालयात रोज चार ते सात आम्ही सात-आठ निवृत्त माणसं बुद्धिबळ खेळतो. खेळतो कमी, भांडतो जास्त. त्यात जुने जगज्जेते आज असते तर संगणकापुढे टिकले असते का, हा वाद कुणाचं पोट बिघडलेलं असलं तरी निघतोच. सिडनी खोताच्या वाडीतून येतो, आयुष्यभर जहाजांवर इंजिनं सांभाळली, त्यामुळे यंत्राच्या बाजूने बोलणं हा तो आपला धर्म समजतो. मी माणसाच्या बाजूचा. माझं म्हणणं असं, की कापाब्लांका असो, ताल असो, फिशर असो, ही माणसं समोरच्याच्या डोळ्यात बघून खेळायची.

"फोनला डोळे कुठे असतात?" मी विचारलं.

"असतात की," कोपऱ्यातून नाना म्हणाले. नाना आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात आणि मदत करायची म्हणून बोलतात. "मागे तीन, पुढे एक."

ते सगळं मी गिळलं असतं. पण सिडनी पुढे म्हणाला, "आनि तुझे लवूमास्तर? पंधरा खेळी. सोळावी नाय दिसनार."

हे तो लवूमास्तरांच्या फोटोखाली बसून बोलला. लवूमास्तर लालबागचे, परळच्या गिरणीत विणकामखात्यात होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, मग ते रोज चालत आमच्या वाचनालयात यायचे आणि आम्हा पोरांना खेळ शिकवायचे. दक्षिण मुंबईत त्यांना हरवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांना जाऊन आता वीस-बावीस वर्षं झाली. मला प्यादं हातात कसं धरायचं इथपासून त्यांनी शिकवलं.

मी उभा राहिलो. उभं राहण्याची गरज नव्हती, पण राहिलो. म्हणालो, "इथे, ह्याच वाचनालयात, लवूमास्तर आणि तुझा फोन यांचा डाव लावून दाखवतो!"

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, की लवूमास्तर हयात नाहीत.

माझी भाची अनुजा संगणकातली. तिला फोन केला. वाटलं होतं हसेल आणि विषय संपेल. ती म्हणाली, "होतं की मामा. त्यांचे जुने डाव आहेत का? हजारभर मिळाले तर प्रोग्रॅमला त्यांच्यासारखं खेळायला शिकवता येईल. तो चांगलं नाही खेळणार, त्यांच्यासारखं खेळेल."

डाव होते. मास्तर आपला प्रत्येक डाव वहीत लिहायचे, आणि त्या एक्केचाळीस वह्या लालबागला मास्तरांच्या बायकोकडे, रमाबाई काकींकडे होत्या. काकींना आता ब्याऐंशी पूर्ण. मी गेलो, अर्धा तास यंत्र म्हणजे काय, प्रोग्रॅम म्हणजे काय हे समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तेंका चाय देशात मा? अर्धो कप. चायशिवाय ते पयली खेळी करनत नाय."

"काकी, ते... तसे नसणार तिथे."

"नसू देत. ठेवूक काय जाता?"

वह्या घेऊन आलो. आणि मग तीन महिने मी ते डाव टाईप केले. बुद्धिबळाचे डाव लिहायची आज जगभर एक पद्धत आहे. मास्तरांची पद्धत वेगळी होती आणि ती फक्त मास्तरांनाच नीट समजत असावी. शिवाय समासात शेरे. 'समोरचा घाबरला.' 'खोकला फार.' 'इथे मी मूर्ख.' दर्शना, म्हणजे माझी बायको, वाचून दाखवायची आणि मी टायपायचो. चारशे डावांनंतर एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. दर्शनाने वाचायच्या आधीच माझं बोट पुढच्या खेळीवर पडायचं आणि ते बरोबर असायचं. सहाशेव्या डावाच्या सुमारास मी वाण्याची यादी लिहिली, तर दर्शना ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "अहो, हा 'ळ' तुमचा नाहीये." बघितलं तर खरंच नव्हता. गाठ मारलेला, खालून वळवलेला 'ळ'. वहीतला.

"सवयीने होतं," मी म्हणालो. "गूळ आणायचा की नाही?"

प्रोग्रॅम तयार झाला. अनुजाने तो लॅपटॉपमध्ये घालून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. दुपारी मी एक-दोन डाव खेळून बघितले आणि दोन्ही वेळा नवव्या खेळीला त्याने एक प्यादं असंच फुकट देऊन टाकलं. मास्तर हेच करायचे. प्यादं द्यायचे आणि वर बघायचे, समोरचा खूश होतो की सावध होतो ते. "प्यादा गेला तर जाऊ दे रे, माणूस कळतो," असं म्हणायचे. आता त्या लॅपटॉपला माझं तोंड दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी चेहरा कोरा ठेवला.

दर्शनाला बुद्धिबळातलं घोडा आणि उंट यातलं अंतर ठाऊक नाही. पण लॅपटॉप उघडा असला की त्याच्यासमोरून जाताना ती ओढणी सारखी करायची. मी म्हटलं, "हे काय करतेस?" ती म्हणाली, "मी? कधी?" आणि पुन्हा जाताना पुन्हा केली.

नानांना ही बातमी लागणं अटळ होतं. ते सकाळी सातला चहाच्या वेळी आले आणि तीन सल्ले देऊन गेले. पहिला, गेलेल्या माणसाला गेलेलं राहू द्यावं. दुसरा, ऐकायचंच नसेल तर निदान लॅपटॉपसमोर एक नारळ ठेवावा. आणि दाराशी चपला घालता घालता, "त्याला फुलपात्रातून पाणीबिणी देऊ नकोस बाबा, शॉक बसेल."

वाचनालयाची खोली लहान, म्हणून मागचा ट्रस्टचा हॉल मागायला मी सेक्रेटरी हितेंद्रभाईंकडे गेलो. त्यांनी फॉर्म दिला. त्यात 'सहभागी व्यक्तींची नावे, वय, आधार क्रमांक' असा रकाना होता. मी प्रामाणिक माणूस आहे (हे वाक्य वाचकांनी सध्या तसंच ठेवावं), मी लिहिलं: कै. लवू पेडणेकर.

"मयत माणसाला हॉल नाय मिळत," हितेंद्रभाई म्हणाले. "नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"आजपर्यंत कोणी मागितला नव्हता, म्हणून लिहिला नाय. आता लिहिणार."

शेवटी पोलिसांची हरकत नसेल तर ट्रस्टची नाही, असं ठरलं. चौकीतल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मयत इसम स्वतः हजर राहणार, की प्रतिनिधी?"

"प्रतिनिधी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"मग अधिकारपत्र आणा. जवळच्या नातेवाइकाची सही."

पुन्हा लालबाग. काकींनी दर्शनाच्या अक्षरातला मजकूर बोट फिरवत वाचला: 'माझे पती सदर सामना खेळण्यास राजी आहेत.' मला वाटलं, त्या हसतील नाहीतर डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. भिंतीकडे वळून, कुणाला विचारल्यासारख्या जरा थांबल्या, मान हलवली आणि सही केली.

हॉल मिळाला, पण तारीख मिळाली ती पितृपक्षातली, कारण त्या पंधरवड्यात कुणी साखरपुडा करत नाही, बारसं करत नाही, आणि हॉल मोकळाच असतो. नानांनी तारीख ऐकली आणि खुर्चीत बसले. "पितृपक्षात आमंत्रण दिलंस? लेखी? सहीशिक्क्यानिशी?" त्यांनी विचारलं. "मग आता येण्या न येण्याचा प्रश्नच राहिला नाही."

रविवारी दुपारी चारला हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं होती. लख्ख ऊन खिडकीतून आत आलं होतं. काकी टॅक्सीने आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी सोबत आणलेल्या थर्मासमधून अर्धा कप चहा पटाच्या उजव्या अंगाला ठेवला. फोनच्या बाजूने सिडनी बसला. मास्तरांची खेळी अनुजा लॅपटॉपवर बघून सांगणार आणि ती मी पटावर करणार, असं ठरलं होतं.

तो डाव मास्तर हरले. एकतिसाव्या खेळीला. सिडनी पंधरा म्हणाला होता, त्यामुळे मास्तर दुपटीहून जास्त टिकले म्हणजे तात्त्विक विजय आमचाच, असा मुद्दा मी मांडला आणि नानांनी त्याला अनुमोदन दिलं. सिडनी नेहमीसारखा तुटून पडेल असं वाटलं होतं. पण तो हात चोळत बसला होता. हळूच मला म्हणाला, "ते प्यादं दिलं ना त्याने फुकट... मी वर बघितलं मॅन. समोर तू होतास. पन मी तुला नाय बघितलं."

"मग कोणाला बघितलंस?"

"सोड ना."

इथे खरं तर चहा-बिस्किटं होऊन सगळ्यांनी घरी जायचं. पण काकी म्हणाल्या, "दीपक, आता तू बस तेंच्यासमोर. तुझो हात तेंका माहीत आसा."

पस्तीस माणसांसमोर ब्याऐंशी वर्षांच्या बाईला नाही म्हणता येत नाही. मी बसलो. समोरची खुर्ची रिकामी ठेवली. अनुजा बाजूच्या टेबलावरून खेळी सांगायची आणि सिडनी उभ्याउभ्या ती पटावर करायचा. लॅपटॉप फटाफट खेळत होता, मी बोट उचलेपर्यंत उत्तर हजर. बाराव्या खेळीला मी पटाकडे नीट बघितलं. हा डाव मी खेळलो होतो.

आता ती गोष्ट सांगणं भाग आहे, जी मी दर्शनालाही सांगितलेली नाही.

एकोणीसशे शहाऐंशी साली वाचनालयाच्या कप स्पर्धेच्या अंतिम डावात माझ्यासमोर लवूमास्तर होते. विमा कंपनीत क्रीडा कोट्यातून माझं नाव पुढे गेलं होतं, आणि तो कप मिळाला तर नोकरी पक्की होती. तेविसाव्या खेळीला मला दिसलं, की मास्तरांचा हत्ती आत आला की माझ्या राजाला हलायला जागा नाही. कडेचं प्यादं एक घर पुढे असतं तर राजाला खिडकी मिळाली असती. मास्तर खेळी न करता उठून बाहेर माठाकडे पाणी प्यायला गेले होते. समोर कुणी बघत नव्हतं. मी ते प्यादं एक घर पुढे सरकवलं. मास्तर परत आले, पटाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि काही न बोलता हात पुढे केला. डाव सोडला. कप मला मिळाला, नोकरी मिळाली, दर्शना मिळाली. प्रामाणिकपणाबद्दल कंपनीने मला एकदा घड्याळही दिलं.

तो डाव एक्केचाळीस वह्यांत कुठेच नव्हता. हे मला नक्की माहीत, कारण सगळ्या वह्या मीच टाईप केल्या होत्या आणि भीतभीत तोच शोधत होतो.

चौदाव्या खेळीला मी मुद्दाम वाट बदलली. वजिराऐवजी उंट काढला. लॅपटॉपने शांतपणे एक घोडा फिरवला, मी त्याला उत्तर दिलं, आणि तीन खेळ्यांनी पट पुन्हा तसाच्या तसा समोर होता. एकोणीस. वीस. एकवीस. बाविसावी खेळी मी केली आणि हात मांडीखाली घेतले.

लॅपटॉप थांबला.

मिनिट गेलं. दोन गेली. तोवर त्याने कधी दोन सेकंदांच्या वर घेतले नव्हते. अनुजाने काहीतरी दाबून बघितलं. "हँग नाही झालेला मामा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "चालू आहे. पण इतका वेळ तो घेऊच शकत नाही, मी तशी सोयच ठेवलेली नाही." सगळे जण उठून तिच्या टेबलाभोवती गोळा झाले. पटाजवळ मी एकटा राहिलो, आणि पहिल्या रांगेत काकी.

"बंद करू का?" अनुजाने विचारलं.

"नको गो," काकी म्हणाल्या. "ते पाणी पिऊक गेलेत."

माझं कडेचं प्यादं आपल्या घरात उभं होतं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. एक घर फक्त. खरं सांगतो, माझा उजवा हात मांडीखालून बाहेर आला. साठी ओलांडलेल्या, पेन्शन घेणाऱ्या माणसाचा हात, एका लॅपटॉपला फसवायला! मी तो डाव्या हाताने धरला आणि धरून बसलो. अकरा मिनिटं.

"खेळला!" अनुजा म्हणाली. "हत्ती आत. शह."

सिडनीने येऊन हत्ती आत ठेवला. मी अडतीस वर्षं हीच खेळी बघत आलो होतो, आंघोळीला बसलो की, कंपनीच्या मीटिंगमध्ये, अगदी लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही. मी माझा राजा आडवा केला, उभा राहिलो, आणि जे वर सांगितलं ते सगळं त्या पस्तीस माणसांसमोर सांगून टाकलं. दर्शनाकडे बघायचं धाडस झालं नाही. मग काकींसमोर जाऊन म्हणालो, "काकी, मी चोर आहे. तो कप त्यांचा होता."

काकी काही बोलायच्या आत मागून सिडनीचा आवाज आला. तो फोन हातात धरून पटावर वाकला होता.

"दीपक, तू डाव सोडलास का?"

"मात आहे ना ती."

"कुठे मात? घोडा मागे घे ना. मधे आन. मग त्याचा हत्ती पन जातो, वजीर पन अडकतो." त्याने फोन माझ्यासमोर धरला. "फोन बोलतो, तू जिंकलायस. कधीचा."

मी पटाकडे बघितलं. घोडा तिथेच होता. शहाऐंशी सालीही तिथेच होता. मागे घ्यायचा घोडा माणसाला दिसत नाही, हे मास्तर आम्हाला शंभरदा सांगायचे. प्यादं न सरकवता मी तो डाव जिंकलो असतो. कप माझा, नोकरी माझी, सगळं माझंच होतं, आणि तेच मी चोरून घेतलं होतं.

"म्हणजे त्यांनाही ते दिसलं नव्हतं," मी कसाबसा म्हणालो.

"दिसलेला," काकी म्हणाल्या. "माठाकडे उभे रवले तेव्हाच दिसला तेंका. घराक इले, जेवले नाय. म्हणाले, पोरगो डाव जिंकललो, पण तेका कळलाच नाय. उगाच प्यादा सरकवल्यान. मी म्हटलंय, मग तुमी बोललास कित्याक नाय? तर म्हणाले, बोललंय असतंय तर लोक तेका चोर म्हणाले असते. आणि डाव तर मी हरललंयच."

सिडनी फोनकडे बघत होता. मग रिकाम्या खुर्चीकडे. "शहाऐंशीला?" तो स्वतःशीच म्हणाला. "नुसतं पानी पिता पिता?" त्याने फोन बंद केला आणि खिशात टाकला. माझा आडवा पडलेला राजा उचलून उभा केला. "खेळ. घोडा मागे घे."

मी परत खुर्चीत बसलो आणि घोडा मागे घेतला. अनुजाने ती खेळी लॅपटॉपमध्ये भरली.

उत्तर आलं नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. "मामा, हार मानायला मी त्याला शिकवलेलंच नाहीये," अनुजा म्हणाली. "हरत असला तरी काहीतरी खेळायलाच हवं त्याने." दर्शना कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही, तिचा हात खांद्यावर पडला तेव्हा कळलं.

मग काकी उठल्या. खुर्च्यांच्या पाठी धरत पटाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मास्तरांचा राजा त्यांनी अलगद आडवा केला. रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "चला. उठा आता, काळोख होतलो."

आम्ही सगळे बघत होतो. त्या सावकाश दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या, एका हाताने दार धरून, बाजूला सरून, मागून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं तशा. दाराजवळ सिडनी उभा होता. तो भिंतीला पाठ लावून, अंग चोरून, बाजूला झाला.